तारीख नसलेली नोंद

परभणीहून नांदेडकडे जाताना पूर्णा जंक्शन जवळ आले की गाडी हळू होते आणि खिडकीतून भिंती वाचता येऊ लागतात. मी बँकेच्या नोकरीत १९८९ ते १९९२ अशी तीन वर्षे पूर्णेत होतो, तेव्हा या भिंती मला पाठ झाल्या होत्या. एक जाहिरात सिमेंटची, एक बियाण्यांची आणि या दोहोंच्या मध्ये मोठ्या अक्षरांत ‘गुप्तरोग’. खाली शर्तिया इलाज, भेटण्याचे वार, लॉजचे नाव आणि खोली क्रमांक. रोगाचे नाव गुप्त आणि त्याची जाहिरात मात्र उघड्या भिंतीवर! यात काही विसंगती आहे, असे मला तेव्हा वाटले नव्हते.

त्या काळात आमच्या शाखेत रेल्वेतला एक खातेदार यायचा. नोकरी गाडीबरोबरची, त्यामुळे आठवड्यातल्या तीन-चार रात्री बाहेरगावी. आठ महिन्यांत त्याने चार मुदतठेवी मुदतीआधी मोडल्या. अर्जावर कारणाच्या जागी दर वेळी एकच, ‘घरगुती अडचण’. मी दर वेळी व्याजातली कपात काढून दाखवायचो आणि तो न बघता सही करायचा. चौथी पावती नवरा-बायकोच्या नावे होती. सहीसाठी बायको आली. तिने मान वर केली नाही. मीही काही विचारले नाही. विचारायचे नसते, असा आमचा शिष्टाचार होता.

माझी बदली झाली तेव्हा तो स्टेशनवर निरोप द्यायला आला. गाडी सुटायला वेळ होता. म्हणाला, “साहेब, ते पैसे त्या लॉजवाल्या डॉक्टरकडं गेले. दर वेळी बरं व्हायचं आणि दर वेळी परत यायचं.” बायको माहेरी गेली होती. ती पुढेही परत आली नाही, असे नंतर कळले.

हे सगळे इतक्या वर्षांनी आठवले ते मागच्या वर्षी पूर्णेहूनच आलेल्या एका फोनमुळे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. लग्नाला चार वर्षे झालेली, गावातच दुकान. “काका, कुणाला बोलू नका,” अशी सुरुवात करून तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूहळू कळले. त्याच्या बायकोला ताप आला, जांघेत गाठी आल्या, लघवीला जाताना आग होऊ लागली आणि अवघड जागी पाण्याने भरलेले बारीक फोड आले. डॉक्टरांनी पाहिले आणि बरोबर आलेल्या सासूसमोरच सांगितले, “हर्पीस आहे. संबंधातून होतो.” मुलगा मला म्हणाला, “काका, मला आयुष्यात कधी काही झालं नाही. मग हे तिला आलं कुठून?” तिला माहेरी पोचवायचे घरात जवळजवळ ठरले होते. (ही हकीकत दोघांच्या परवानगीने लिहितो आहे, आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.)

मी काही डॉक्टर नव्हे. पण हिशेबाच्या खात्यात उभी हयात गेल्यामुळे एक सवय जडली आहे. नोंद दिसली की तिची तारीख शोधायची, व्हाउचर शोधायचे, ते कुणाच्या सहीने आले ते पाहायचे. मुलगाही नेमके तेच करत होता. चार वर्षे माझ्याकडून काही आले नाही, मग ही नोंद दुसऱ्या कुणाकडून आली असणार, असा त्याचा ताळेबंद होता. मी त्याला एवढेच सांगितले, की आठ दिवस काही ठरवू नको. आणि नांदेडच्या एका त्वचारोगतज्ज्ञ स्नेह्यांना गाठले.

त्यांच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून जे समजले ते आधी सांगतो, कारण ते बहुतेक घरांत माहीत नसते.

पहिली गोष्ट नावाची. हर्पीस म्हटले की आपल्याकडे ‘नागीण’ आठवते. सासूबाईंनाही तीच आठवली आणि नागीण उतरवणाऱ्याकडे जाण्याची तयारी झाली होती. पण कमरेला किंवा पाठीला पट्ट्यासारखी उठणारी नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे उठते आणि शरीरसंबंधाशी तिचा संबंध नाही. जननेंद्रियांवरचा हर्पीस होतो तो हर्पीस सिम्प्लेक्स या दुसऱ्या विषाणूमुळे. त्याचे दोन प्रकार. पहिला प्रकार बहुधा ओठांवर दिसतो. तापानंतर किंवा उन्हातान्हात फिरल्यावर ओठाच्या कडेला पुळ्या येतात आणि ‘ताप ओठावर फुटला’ असे आपण म्हणतो, तो हाच. दुसरा प्रकार मुख्यत्वे कमरेखालचा. पण पहिल्यानेही कमरेखाली शिरकाव करता येतो. ओठाचा स्पर्श त्या जागी झाला की पुरे.

दुसरी गोष्ट संख्येची. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियांचा हर्पीस संसर्ग आहे. म्हणजे पाचात एकाहून अधिक. पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात पहिल्या प्रकारचा विषाणू आहे. यातल्या बहुतेकांना आपल्याला काही आहे याचा पत्ताही नसतो. एखादी पुळी आली, खाज सुटली, उष्णता झाली म्हणून सोडून दिले, एवढीच त्यांची आठवण. ज्याला ‘कधी काही झाले नाही’ त्याच्याकडूनही तो जाऊ शकतो, कारण कातडीवर फोड नसतानाही विषाणू अधूनमधून बाहेर पडत असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला तीच पचायला अवघड गेली. या नोंदीला तारीख नसते. संसर्गानंतर साधारण दोन ते बारा दिवसांत फोड येऊ शकतात हे खरे. पण अनेकांना तेव्हा काहीच होत नाही. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने आत जातो, कण्याजवळच्या मज्जापेशींच्या पुंजक्यात निजून राहतो आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी जागा होतो. मग जो पहिला फोड दिसतो तो पहिलाच असतो, पण संसर्ग जुना असू शकतो. अमुक दिवशी, अमक्याकडून आला, असे सांगणारी चाचणी अजून कुठल्याही प्रयोगशाळेत नाही. अहवाल ‘काय’ ते सांगतो. ‘केव्हा’ आणि ‘कुणाकडून’ हे रकाने तो कोरेच ठेवतो. ते आपण भरतो, आणि रागाच्या शाईने भरतो.

माझ्या स्नेह्यांनी तिच्या फोडातला स्राव तपासायला पाठवला. पहिला प्रकार निघाला. मग त्यांनी मुलाला सहज विचारले, “तुमच्या ओठावर कधी ताप फुटतो का?” तो म्हणाला, “लहानपणापासून. दर उन्हाळ्यात.” त्या वर्षीही लग्नसराईत उन्हात फिरल्यावर फुटला होता. पुढचे डॉक्टरांना सांगावे लागले नाही. लहानपणी आजीने किंवा मावशीने घेतलेल्या मुक्यातून आलेली पुळी पंचवीस वर्षांनी एका संसाराच्या मुळावर उठली होती. अर्थात, तिला ते त्याच्याकडूनच मिळाले याचीही खात्री डॉक्टरांनी दिली नाही. शक्यता मोठी आहे, एवढेच ते म्हणाले.

ती माहेरी गेली नाही. पण त्या आठ दिवसांत तिने माझ्या पत्नीजवळ जे बोलून दाखवले ते माझ्या मनातून जात नाही. “काकू, मला किती दुखतंय ते कुणीच विचारीना. कुठून आलं, एवढंच सगळे विचारतात.”

इथे थांबून मला एक कबुली द्यायची आहे. ही गोष्ट फार सोयीची झाली. सगळे निर्दोष निघाले, दोष आजीच्या मुक्याकडे गेला आणि कुटुंब सावरले. वाचणाऱ्यालाही बरे वाटले असेल. पण समजा, दुसरा प्रकार निघाला असता तर? समजा, तिच्या किंवा त्याच्या आयुष्यात लग्नाआधी कुणी असते तर? मग काय तिला कमी दुखले असते? त्या रेल्वेवाल्याच्या बाबतीत तर मी हे नाकारूही शकत नाही. तो बाहेरगावच्या रात्रींबद्दल स्वतःच बोलला होता. त्याच्याकडून चूक झाली असेल. पण त्या चुकीची शिक्षा म्हणून त्याने चार मुदतठेवी लॉजवर ओताव्यात, हे कुठल्या न्यायात बसते? आणि त्याच्या बायकोने काय केले होते? तिला कुणी तपासले का, औषध दिले का, याची तर चौकशीही झाली नसेल.

त्याने केलेले वर्णन मी परवा डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, नक्की सांगता येणार नाही, पण हर्पीसच असावा. या रोगाचा स्वभावच असा, की फोड औषधाशिवायही दोन ते चार आठवड्यांत भरून येतात. पुढच्या खेपेला तर त्याहून लवकर. लॉजवाल्याची पुडी घेतली, फोड गेले, श्रेय पुडीला. चार महिन्यांनी पुन्हा आले, की ‘मुळापासून काढायला’ मोठा कोर्स. बरे होणे रोगाचे आणि बिल वैदूचे. भिंतीवरच्या त्या धंद्याला लाजेइतके भांडवल पुरते. ज्याला चारचौघांत विचारता येत नाही, तो खोली क्रमांक शोधत जातो.

आणि हे काही आज कळले असे नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर मराठीत पुस्तक लिहिले आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. म्हणजे या विषयावर मराठीत स्वच्छ बोलण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. आपण मात्र कर्व्यांना पुतळ्याइतका मान दिला आणि विषय भिंतीकडे सोडून दिला.

तर ज्याच्या किंवा जिच्या हातात असा अहवाल नुकताच पडला असेल, त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी.

पहिल्या खेपेचा त्रास सर्वांत मोठा असतो. एवढा त्रास दर वेळी होत नाही. असायक्लोविर आणि त्याच जातीची औषधे गोळीच्या रूपात मिळतात. फोड दिसल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केली तर उत्तम, पण उशीर झाला म्हणून डॉक्टरकडे जायचे टाळू नये. असायक्लोविर ज्या संशोधनातून आले त्याचे नेतृत्व गर्ट्रूड एलियन या विदुषीने केले. त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे विषाणूला शरीराबाहेर काढत नाहीत. पण आजार आखूड करतात, दुखणे कमी करतात. ज्यांना वारंवार त्रास होतो त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज गोळी घेतली तर उद्रेक सत्तर-ऐंशी टक्क्यांनी कमी होतात. काळ जातो तसे ते आपोआपही विरळ होतात. पहिल्या प्रकारचा संसर्ग असेल तर बहुधा लवकरच.

घरी सैल सुती कपडे घालावेत, जागा कोरडी ठेवावी, मिठाच्या कोमट पाण्यात बसावे, हात धुवावेत आणि तो हात डोळ्याला लावू नये. लघवी अडली, किंवा डोके फार दुखून मान आखडली, तर थांबू नये, दवाखाना गाठावा.

घरातल्यांनी भिऊ नये. हा रोग संडासाच्या भांड्यातून, टॉवेलातून, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. सुनेचे ताट-वाटी वेगळे काढणाऱ्या घराला याचा काही उपयोग होत नाही, अपमान तेवढा होतो. याने कर्करोग होत नाही, वांझपण येत नाही. पतिपत्नींनी फोड असताना, आणि फोडांआधी जी खाज किंवा मुंग्या जाणवतात त्या दिवसांतही, संबंध टाळावेत. एरवी निरोध वापरावा. त्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. रोजच्या गोळीनेही जोडीदाराला लागण होण्याचा धोका कमी होतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या बाबतीत तो जवळपास निम्मा झालेला दिसला.

गर्भारपणात डॉक्टरांपासून हे लपवू नये. संसर्ग जुना असेल तर बाळाला धोका फार थोडा असतो. शेवटच्या महिन्यांत नव्याने झाला तर मोठा. म्हणून डॉक्टर छत्तिसाव्या आठवड्यापासून गोळी देतात आणि प्रसूतीच्या वेळी फोड असतील तर सिझेरियन करतात. आणखी एक. ओठावर पुळी असणाऱ्याने बारशाला गेल्यावर बाळाचा मुका घेऊ नये, मग तो सख्खा आजोबा का असेना. तान्ह्या बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडे गर्भारपणात किंवा गर्भपातानंतर ‘टॉर्च’ नावाची रक्तचाचणी सर्रास करतात आणि तिच्यात हर्पीसपुढे ‘पॉझिटिव्ह’ पाहून घरे हादरतात. त्यातली आयजीएम ही चाचणी या कामी भरवशाची नाही. आयजीजी प्रकार वेगळे करून सांगत नसेल, तर लहानपणी ओठावर फुटलेल्या तापाचाच तो पुरावा असू शकतो. फोड ताजे असताना त्यांतला स्राव तपासणे हा खात्रीचा मार्ग. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही करून घ्यावी, कारण दुसऱ्या प्रकारच्या हर्पीसमुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो.

यासाठी लॉज शोधण्याची गरज नाही. सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची बाह्यरुग्ण सेवा असते. तिथे समुपदेशक असतात आणि औषधे मोफत मिळतात. रंगावरून ओळखायच्या पाकिटांत हर्पीसच्या जखमांसाठीचे पाकीट लाल असते, त्यात असायक्लोविरच असते. पूर्णेच्या एका बाजूला परभणीचे सरकारी रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूला नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा मोफत क्रमांकही आहे. नाव न सांगता बोलता येते.

राहिला प्रश्न सांगण्याचा. जोडीदाराला सांगावे की नाही? माझे मत, सांगावे. ज्याच्या शरीराला धोका आहे त्याला तो माहीत असण्याचा हक्क आहे. पण सांगणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे. फोड भरल्यावर, शांतपणे, शक्य तर डॉक्टरांसमोर दोघांनी बसून बोलावे. लग्न ठरत असेल तर लग्नाआधी सांगावे, आणि फक्त ज्याच्याशी लग्न करायचे त्याला. मामा, मावशा, मध्यस्थ यांना हा तपशील कळण्याचे काही कारण नाही. आणि ऐकणाऱ्याने पहिला प्रश्न ‘कुठून आलं’ हा विचारू नये. ‘फार दुखतंय का’ हा विचारावा. पुढचे सगळे त्या एका प्रश्नाच्या क्रमावर अवलंबून असते. हे मी पुस्तकातून नाही, त्या मुलीच्या वाक्यातून शिकलो.

विश्वासघात होतच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. होतात. त्यांची बोलणी माणसांनी माणसांशी करावीत. प्रयोगशाळेच्या कागदाला साक्षीदार करू नये, कारण त्याने काही पाहिलेले नाही.

गेल्या महिन्यात पूर्णेला गेलो होतो. मुलाने दुकानातून उठून चहा सांगितला. ती बरी होती. मध्ये एकदा हलका त्रास झाला, तीन दिवसांत गेला, असे तिने माझ्या पत्नीला परस्पर सांगितले. परतताना फलाटावर उभा राहिलो, तेव्हा तो रेल्वेवाला आठवला. चार वेळा त्याची ठेव मोडताना मी कपातीचा आकडा पैशापर्यंत बरोबर काढला होता. त्यातल्या एका वेळी जरी समोरची खुर्ची पुढे करून, “बसा, काय झालंय?” असे विचारले असते, तर निदान चौथी पावती वाचली असती. कदाचित सही करायला आलेली ती बाईही.